मिडसाइज पिकअप आणि रिलायबिलिटीचे आकडे: मालक का चिडतात आणि वर्गणी भरावी का

अमेरिकेत मिडसाइज पिकअप (मागे उघडा हौदा असलेला मध्यम आकाराचा ट्रक) घ्यायला निघालेल्या माणसासमोर रिलायबिलिटीचे, म्हणजे ट्रक किती भरवशाचा याचे, दोन आकडे हमखास येतात. एक कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेचा, १ ते १०० मधला, जो वर्गणी भरल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. दुसरा जे. डी. पॉवर या बाजार-संशोधन कंपनीचा, जो फुकट दिसतो आणि टीव्हीवरच्या जाहिरातीत चषकासकट मिरवतो. टोयोटा टॅकोमा, निसान फ्रंटियर, शेवरोले कोलोरॅडो, जीएमसी कॅन्यन, फोर्ड रेंजर, होंडा रिजलाइन, जीप ग्लॅडिएटर, यांपैकी कुठल्याही ट्रकच्या मालकाकडे या आकड्यांचा विषय काढा, ठाम मत ऐकायला मिळतं. आणि ते मत बहुतेक वेळा आपल्या ट्रकला किती गुण मिळालेत त्यावर ठरलेलं असतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कन्झ्युमर रिपोर्ट्सची (पुढे नुसतं सीआर) वर्गणी भरण्यासारखी आहे, पण ती पहिल्या पानावरच्या ठळक आकड्यासाठी नाही. आत जो वर्षवार आणि भागवार तक्ता असतो, त्यासाठी. जे. डी. पॉवरचा चषक ट्रक निवडताना सरळ बाजूला ठेवावा. मालकांच्या तक्रारी निम्म्या बरोबर आहेत, आणि गंमत म्हणजे जी निम्मी बरोबर आहे ती ते फार जोर लावून मांडतच नाहीत.

आकडा कसा बनतो

सीआर ही १९३६ पासूनची ना-नफा संस्था. जाहिराती घेत नाही, चाचणीच्या गाड्या शोरूममधून स्वतः पैसे मोजून घेते. कनेक्टिकटमधल्या तिच्या ट्रॅकवर ब्रेक, वळणं, आवाज, मायलेज तपासतात. पण रिलायबिलिटीचा आकडा या ट्रॅकवरून येत नाही. ‘एक ट्रक चार महिने चालवून यांना काय कळणार’ असा जो टोमणा मालक मारतात, तो चुकीच्या जागी लागतो. रिलायबिलिटी येते ती सभासदांच्या वार्षिक सर्व्हेमधून. त्यात दरवर्षी ३ लाखांहून अधिक गाड्यांची माहिती जमते, आणि गाडीचे २० भाग पाडून विचारणा होते: इंजिनचं मोठं काम, इंजिनचं किरकोळ काम, कूलिंग, गिअरबॉक्सचं मोठं काम, किरकोळ काम, ड्राइव्ह सिस्टिम, सस्पेन्शन, ब्रेक, रंग, खडखड आणि गळती, स्क्रीन वगैरे.

प्रश्नाची मांडणी नीट वाचावी. गेल्या १२ महिन्यांत अशी अडचण आली का, जी खर्च, बंद पडणं, सुरक्षितता किंवा गॅरेजमध्ये गेलेला वेळ यांपैकी कशामुळे तरी तुम्हाला गंभीर वाटली? म्हणजे पहिली चाळणी मालकाच्या हातात आहे. ठरलेली देखभाल यात येत नाही; ऑइल, टायर, ब्रेक पॅड झिजले म्हणून बदलले तर ती अडचण धरत नाहीत. उत्तरं आल्यावर सीआर भागांना वजन देते, गिअरबॉक्स बदलावा लागणं हे दाराच्या रबरपट्टीपेक्षा कितीतरी जड. नव्या ट्रकचा जो अंदाजित आकडा छापतात, तो त्याच मॉडेलच्या अलीकडच्या तीनेक वर्षांवरून काढतात. मॉडेल नुकतंच बदललं असेल आणि पुरेशी माहिती नसेल, तर त्या ब्रँडचा इतिहास आणि तेच इंजिन-गिअरबॉक्स असलेल्या इतर गाड्या यांवरून अंदाज बांधतात. ही शेवटची सोय पिकअपच्या बाबतीत सगळ्यात कच्ची. त्यावर पुढे येतो.

जे. डी. पॉवरचे दोन अभ्यास वेगवेगळे आहेत, आणि जाहिरात बघताना कोणता ते बघावं. इनिशियल क्वालिटी म्हणजे ताब्यात घेतल्यापासूनचे पहिले ९० दिवस. डिपेंडेबिलिटी म्हणजे तीन वर्षं जुनी गाडी आणि तिचे मागचे १२ महिने. दोन्हींत माप एकच: दर १०० गाड्यांमागे किती अडचणी. २०२३ मध्ये डिपेंडेबिलिटीची सरासरी १८६ होती, २०२४ मध्ये १९०, २०२५ मध्ये २०२. म्हणजे तीन वर्षांच्या सरासरी गाडीत वर्षभरात दोन अडचणी. ऐकायला भयंकर वाटतं, पण या मोजणीत फोन स्क्रीनला जोडला न जाणं ही एक अडचण आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) गेला तरी तीही एकच अडचण. सगळ्यात जास्त अडचणी इन्फोटेनमेंटच्याच निघतात, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले त्यात आघाडीवर.

९० दिवसांच्या अभ्यासात जुनाट ट्रक चमकतात, याचं कारणही यातच आहे. निसान फ्रंटियर २००५ पासून २०२१ पर्यंत मूळ ढाच्यात जवळजवळ तशीच विकली गेली. कारखान्याला ती जोडायची सवय झालेली, पुरवठादारांचे पार्ट स्थिरावलेले, आणि बिघडेल अशी मोठी स्क्रीनच नाही. अशा ट्रकला पहिल्या तीन महिन्यांत काय होणार? त्यावरून सातव्या वर्षी काय होईल हे मात्र कळत नाही.

मालकांचे आक्षेप

‘माझ्या ट्रकला काही झालं नाही, त्यामुळे रेटिंग खोटं’ या आक्षेपात वेळ घालवायला नको. दर २५ पैकी एका ट्रकचा गिअरबॉक्स गेला तरी तो ट्रक तक्त्यात लाल, म्हणजे वाईट, दिसू शकतो, आणि उरलेले २४ मालक खरंच खूश असतात. दोघंही खरं बोलताहेत.

‘टोयोटावाला तक्रार लिहीतच नाही’ हा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. प्रश्नातच ‘तुम्हाला गंभीर वाटली का’ असं असल्यामुळे, ज्याला आपल्या ट्रकबद्दल अभिमान आहे तो गिअर अडखळणं ‘सगळेच असतात असे’ म्हणून सोडून देऊ शकतो, आणि ज्याला आधीच शंका आहे तो तेच लिहून मोकळा होतो. पण हे किरकोळ अडचणींपुरतं. गिअरबॉक्स उतरवून नवा बसवला, तर अभिमानी मालकही ते लिहितो. म्हणून तक्त्यात ‘मोठं काम’ असं लिहिलेल्या ओळींवर जास्त विश्वास ठेवावा, खडखड आणि ट्रिमच्या ओळींवर कमी. २०२४ च्या नव्या टॅकोमाचंच बघा. डिसेंबर २०२४ च्या सर्व्हेत टोयोटाचा ब्रँड वरच्या तीनात होता, पण नवी टॅकोमा सरासरीच्या खाली गेली. टोयोटावाले तक्रार लिहीत नसते तर असं झालं नसतं. त्याच्या आधी वर्षानुवर्षं ‘बघा, सीआरसुद्धा म्हणते’ असं सांगणारी मंडळी त्या महिन्यात अचानक सर्व्हेच्या पद्धतीवर बोलू लागली, ते सोडा.

‘कोलोरॅडो आणि कॅन्यन एकच ट्रक, मग गुण वेगळे कसे?’ हा आक्षेप सगळ्यात धारदार. दोन्ही मिसुरीतल्या वेंट्झव्हिलच्या एकाच कारखान्यातून निघतात, फ्रेम तीच, इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. दोघांच्या वर्षवार तक्त्यात जिथे फरक दिसतो, तिथे बहुतेक वेळा तो ट्रकचा नसून नमुन्याचा असतो. हिशोब करून बघा. २०० ट्रकांच्या मालकांनी उत्तर दिलं आणि ८ जणांनी गिअरबॉक्सची तक्रार लिहिली, तर प्रमाण ४ टक्के. पण २०० च्या नमुन्यावरून खरं प्रमाण साधारण २ टक्क्यांपासून साडेसात टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. कॅन्यन कमी विकली जाते, तिचा नमुना आणखी लहान. तेव्हा जुळ्या ट्रकांचे तक्ते शेजारी ठेवून एकत्रच वाचावेत: दोघांत एकच ओळ वाईट असेल तर ती खरी, एकातच असेल तर तिला फार महत्त्व देऊ नये. हीच युक्ती एका ट्रकच्या लागोपाठच्या वर्षांनाही लागू पडते. यांत्रिक बदल काहीच नसताना २०१८ हिरवं, २०१९ लाल आणि २०२० पुन्हा हिरवं दिसलं, तर ते बहुधा नमुन्याचं हेलकावणं.

‘ट्रक कसा वापरतात ते विचारतच नाहीत’ हेही रास्त. रिजलाइनचा हौदा आणि ग्लॅडिएटरचा हौदा यांच्या वाट्याला सारखं काम येत नाही. रिजलाइन मोनोकॉक बॉडीची आहे (खाली वेगळी फ्रेम नाही), अवघड चढ-चिखलासाठीचा संथ लो-रेंज गिअर नाही, ओढायची मर्यादा ५,००० पाउंड. कोलोरॅडोची कमाल ७,७०० पाउंड, रेंजरची ७,५००. जो माणूस बोट किंवा ट्रेलर ओढणार, तो रिजलाइन घेतच नाही, त्यामुळे रिजलाइनच्या गुणांत थोडा वाटा सौम्य वापराचा आहे. उलट टॅकोमा आणि ग्लॅडिएटरवर लिफ्ट किट आणि मोठे टायर चढवणारे पुष्कळ. टॅकोमाची उंची वाढली की पुढच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो, बूट फाटतं, ग्रीस जातं. जड टायरमुळे व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंट लवकर सैल होतात. मालक सर्व्हेत लिहिताना हे सस्पेन्शनच्या खाती टाकतो. म्हणून या दोन ट्रकांची सस्पेन्शनची ओळ थोडी सवलतीने वाचावी. इंजिनच्या ओळीला ही सवलत नको.

एका ट्रकमध्ये दोन ट्रक

ठळक आकडा सर्वांत जास्त फसवतो तो इथे. बाहेरून ट्रक तोच असतो आणि आतलं इंजिन किंवा गिअरबॉक्स बदललेला असतो. किंवा उलट.

फ्रंटियर हे याचं उत्तम उदाहरण. नवी बॉडी आली २०२२ ला. पण ३.८ लिटरचं नवं व्ही-६ इंजिन आणि ९-स्पीड गिअरबॉक्स २०२० मध्येच जुन्या बॉडीत बसवले. म्हणजे २०२०-२१ ची फ्रंटियर चेहऱ्याने २०१९ ची आणि आतून २०२२ ची. ‘जुनी फ्रंटियर भरवशाची’ म्हणून २०२० ची घेणाऱ्याला जुनं ४.० लिटरचं इंजिन मिळत नाही. आणि २०२२ ची ‘पहिल्या वर्षाची’ म्हणून टाळणाऱ्याला हे ठाऊक नसतं की तिच्या इंजिन-गिअरबॉक्सची दोन वर्षं आधीच पार पडलीत.

कोलोरॅडो-कॅन्यनच्या २०१५ ते २०२२ च्या पिढीतही तीच गोष्ट. २०१५-१६ च्या व्ही-६ ला ६-स्पीड ऑटोमॅटिक. २०१७ ला व्ही-६ सुधारलं आणि त्यासोबत ८-स्पीड आला. याच ८-स्पीडची ती प्रसिद्ध थरथर. कमी थ्रॉटलवर, एकसारख्या वेगाने जाताना रस्त्याकडेच्या खाचांवरून चाक गेल्यासारखा थरार येतो. कारण गिअरबॉक्समध्ये कारखान्यातून भरलेलं मूळ ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच नीट न धरता घसरत-पकडत राहतो. जीएमने (शेवरोले आणि जीएमसीची मूळ कंपनी) डीलरांना पाठवलेल्या सर्व्हिस बुलेटिननुसार उपाय म्हणजे जुनं ऑइल पूर्णपणे फ्लश करून मोबिल १ सिंथेटिक एलव्ही एटीएफ एचपी भरणं. नुसतं पॅन काढून जेवढं निघेल तेवढं बदललं तर जुनं ऑइल कन्व्हर्टरमध्ये राहतं आणि थरथर परत येते. डिझेलवाल्या कोलोरॅडोला मात्र ६-स्पीडच होता. तक्त्यात ‘२०१७ कोलोरॅडो’ ही एकच ओळ आहे. त्यात व्ही-६, चार सिलिंडर आणि डिझेल सगळे एकत्र ढवळलेले.

रिजलाइन: २०१७ ते २०१९ ला ६-स्पीड, २०२० पासून ९-स्पीड. रेंजर: २०१९ ला अमेरिकेत परतली ती २.३ लिटर टर्बो आणि १०-स्पीड घेऊन. या १०-स्पीडमधल्या एका क्लच ड्रमचं बुश जागेवरून सरकतं, ऑइलची भोकं झाकली जातात, दाब पडतो आणि गिअर धक्क्याने पडू लागतात. फोर्डने पुढे हा ड्रम सुधारला. सुधारित ड्रम बसवला असेल तर ठीक, नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करून परत दिला असेल तर धक्के परतण्याची शक्यता राहते, म्हणून वापरलेली रेंजर घेताना बिलावर काय लिहिलंय ते वाचावं.

आणि टॅकोमा. २०१६ ते २०२३ ची पिढी ३.५ लिटर व्ही-६ ची. चढावर गिअर सारखा वर-खाली करतो ही तिची जगजाहीर तक्रार, पण ती बिघाड नाही, गिअरिंग आणि प्रोग्रॅमिंगचा स्वभाव आहे. सीआरच्या सर्व्हेत ती कोणी ‘किरकोळ गिअरबॉक्स’ म्हणून लिहितो, कोणी लिहीत नाही. खरी बिघाडाची गोष्ट म्हणजे २०१६-१७ चं मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग): जोडावरून ऑइल गळायचं, संपलं तर जाम होण्यापर्यंत मजल. त्यासाठी २०१७ मध्ये सुमारे २,२८,००० ट्रकांचं रिकॉल झालं, म्हणजे कंपनीने ते दुरुस्तीसाठी परत बोलावले. पुढे २०२२-२३ च्या सुमारे ३,८१,००० टॅकोमांचं २०२४ मध्ये रिकॉल झालं, मागच्या अॅक्सलच्या टोकाला वेल्डिंगचा कचरा राहून नट सैल होऊ शकतात म्हणून. हे पिढीच्या शेवटच्या दोन वर्षांत घडलं, हे लक्षात ठेवा. ‘शेवटच्या वर्षाचा ट्रक घ्या, सगळे दोष निघालेले असतात’ हा नियम चांगला आहे, पण पोलादी नाही.

२०२४ ला टॅकोमाचं सगळंच बदललं: २.४ लिटर टर्बो, नवा ८-स्पीड, वर हायब्रिडचा पर्याय, नवी फ्रेम, नवी स्क्रीन. इथे ब्रँडच्या इतिहासावरून बांधलेला अंदाज आपटतो. सुरुवातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी आल्या, आणि २०२५ च्या सुरुवातीला २०२४-२५ च्या सुमारे ४१,००० फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकांचं रिकॉल आलं: चाकाच्या आत चिखल साठून मागच्या ब्रेकचा होज घासला जातो. चिखलात जाणं हेच ज्याचं काम त्या ट्रकला चिखलाने बाधावं, याला काय म्हणायचं.

ग्लॅडिएटरबद्दल थोडक्यात. ३.६ लिटर व्ही-६ मध्ये रॉकर आर्मचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) रोलर झिजून टिकटिक सुरू होते. ती दुर्लक्षित राहिली तर कॅमशाफ्टवर चरे पडतात. मॅन्युअल गिअरवाल्या ट्रकांचं क्लचच्या प्रेशर प्लेटसाठी रिकॉल झालंय. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटतं. मालक हे सगळं जाणून घेतात आणि तरी घेतात, तेव्हा रेटिंगने त्यांचं मन वळवायचा प्रश्नच नाही.

जे तक्त्यात कधी दिसत नाही

आता आक्षेपांपैकी ज्यावर मालकांनी खरा जोर द्यायला हवा तो. नव्या ट्रकसाठी छापलेला ठळक आकडा तीनेक वर्षांच्या अनुभवावर उभा आहे, आणि पिकअप मात्र लोक पंधरा वर्षं ठेवतात. टोयोटा, होंडा, निसान, फोर्ड, जीएम यांची मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, इंजिन-गिअरबॉक्सची ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. म्हणजे आकडा ज्या काळातला, त्या काळात बिल कंपनी भरते. मालकाच्या खिशाला लागणारा काळ त्यानंतर सुरू होतो.

टॅकोमाची फ्रेम हे याचं सगळ्यात महागडं उदाहरण. १९९५ ते २००० च्या ट्रकांच्या फ्रेम आतून गंजत होत्या. २००८ मध्ये टोयोटाने गंजाची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि फार खराब ट्रक किमतीच्या दीडपट देऊन परत घेतले. नंतर २००५ ते २०१० च्या टॅकोमा, सोबत टोयोटाच्याच काही टुंड्रा आणि सिकोया, यांच्यासाठी २०१६ मध्ये जी तडजोड झाली तिची कमाल किंमत ३.४ अब्ज डॉलर धरली होती. या सगळ्या वर्षांत टॅकोमाची रिलायबिलिटी नावाजलेलीच होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत बंद पेटीसारख्या फ्रेममध्ये खारट चिखल साठायला, गंज आतून बाहेर यायला आठ-दहा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या ट्रकचा मालक काय लिहिणार? शिवाय २० भागांच्या यादीत फ्रेमला स्वतःची ओळच नाही. मागच्या पाट्यांचंही तसंच: २००५ ते २०११ च्या सुमारे ६,९०,००० टॅकोमांचं पाटे तुटू शकतात म्हणून रिकॉल झालं ते २०१४ मध्ये.

निसानचा रेडिएटर हे दुसरं. २००५ ते २०१० च्या फ्रंटियरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. त्याला तडा गेला की कूलंट गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये मिसळतं. लाल ऑइल आणि कूलंट मिळून जो गुलाबी फेसाळ द्रव होतो त्याला मालक ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ म्हणतात. ग्लायकॉलमुळे क्लच प्लेटवरचं अस्तर सुटतं, आणि मग नुसतं ऑइल बदलून गिअरबॉक्स वाचत नाही. निसानने या रेडिएटरची वॉरंटी आधी ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढवली, पण बिघाडाला मुदत कळत नाही. सीआरच्या जुन्या तक्त्यात हे उमटतं, पण उमटेपर्यंत ट्रक विकून झालेले असतात. ज्यांनी वेळीच रेडिएटर बदलला किंवा बाहेरून वेगळा कूलर बसवून आतला बायपास केला, त्यांचे ट्रक अजून धावताहेत, आणि तेच मालक आज छातीठोकपणे सांगतात की फ्रंटियर मरत नाही.

रिजलाइनचा टायमिंग बेल्ट तिसऱ्या प्रकारात मोडतो. साधारण १,००,००० मैलांवर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलावे लागतात, डीलरकडे हजार डॉलरच्या वर जातात. ही ठरलेली देखभाल, म्हणून रिलायबिलिटीत शून्य धरली जाते. टॅकोमा आणि फ्रंटियरला चेन आहे, हा खर्चच नाही. दोघांचे गुण सारखे आले तरी खिशाला ते सारखे नसतात.

वापरायचं कसं

सीआर उघडल्यावर ब्रँडची क्रमवारी वाचू नका. मॉडेलच्या पानावर जाऊन वर्षवार तक्ता काढा, आणि त्यात पाचच ओळी बघा: इंजिन मोठं, कूलिंग, गिअरबॉक्स मोठं, ड्राइव्ह सिस्टिम, इंधन. लागोपाठच्या दोन-तीन वर्षांत एकच ओळ वाईट दिसली तर तिथे खरा दोष आहे. मग ते इंजिन-गिअरबॉक्स कोणत्या वर्षी आले ते शोधा आणि तक्त्यावर तिथे रेघ मारा. रेघेच्या अलीकडचं-पलीकडचं एकत्र करू नका. रेघेनंतरचं पहिलं वर्ष शक्यतो सोडा.

त्यानंतर एनएचटीएसए या रस्ता-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या साइटवर जा. ती फुकट आहे. तिथल्या तक्रारींची संख्या मोजण्यात अर्थ नाही, कारण जास्त विकलेल्या ट्रकच्या तक्रारी जास्तच असणार. तक्रारी वाचायच्या त्या मैलांसाठी: एकच बिघाड एकाच पल्ल्यात, समजा ५०,००० ते ७०,००० मध्ये, पुन्हा पुन्हा येतोय का. त्याच पानावर कंपनीने डीलरांना पाठवलेली सर्व्हिस बुलेटिनं मिळतात. बुलेटिनमध्ये कोणत्या तारखेआधी बनलेल्या ट्रकांना ते लागू आहे हे लिहिलेलं असतं, आणि ट्रक कधी बनला ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर महिना-वर्षासकट असतं. मॉडेल-वर्ष एकच असलं तरी या तारखेच्या मागचा-पुढचा ट्रक वेगळा. इतकी बारीक माहिती कुठल्याच रेटिंगमध्ये नाही. शेवटी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉलचं काम उरलंय का ते बघा.

वापरलेला ट्रक असेल तर प्रत्यक्ष तपासणीत रेटिंगची भोकं बुजवता येतात. टॅकोमाची फ्रेम हातोडीने ठोकत जा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या बसणीजवळ आणि जिथे फ्रेम पेटीसारखी बंद आहे तिथे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर पुढे बोलू नका. टोयोटाच्या तपासणीत १० मिलिमीटर किंवा मोठं भोक पडलं की फ्रेम बाद धरत. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तो कशावर मारलाय ते खरवडून बघा. २००५ ते २०१० च्या ऑटोमॅटिक फ्रंटियरला रेडिएटर बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर नव्या रेडिएटरचे पैसे किमतीतून वळते करा. आठ गिअरची कोलोरॅडो पूर्ण गरम झाल्यावर सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, एकसारख्या वेगात दहा मिनिटं चालवा. डीलरच्या अंगणात फेरी मारून ती थरथर कधीच कळत नाही. ग्लॅडिएटर रात्रभर उभी असताना सकाळी थंड इंजिन चालू करून ऐकायची.

यादीत दोन-तीन ट्रक निश्चित झाले की सीआरची महिन्याची वर्गणी पुरते; त्या महिन्यात लागतील ते सगळे वर्षवार तक्ते काढून ठेवा आणि आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी लगेच बंद करा. त्याआधी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारून घ्या, कारण अमेरिकेतली बरीच ग्रंथालयं आपल्या कार्डावर हेच तक्ते फुकट उघडून देतात.